ओल्या दगडांचा विमा

हार्टफर्ड, कनेक्टिकट
३ फेब्रुवारी १९७४

प्रिय काका,

काकूने पाठवलेले मोजे मिळाले. इथे बर्फ गुडघ्यापर्यंत आहे. आमच्या ऑफिसात घरी विणलेले मोजे घालणारी मी एकटीच, आणि पाय गरम असलेलीही मी एकटीच.

आज एका कामाच्या गोष्टीसाठी लिहिते आहे. पूर्ण वाचा, अर्ध्यावर सोडून झाडांना पाणी घालायला जाऊ नका.

विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात मला आता चार महिने झाले. कोणाचं काय मोडलं, कोणाला कुठे लागलं, त्याचे कागद माझ्याकडे येतात आणि मी ते वाचून वरच्या साहेबांकडे, मिस्टर डोनेलींकडे पाठवते. गेल्या महिन्यात बागकामाच्या ठेकेदारांचे बरेच कागद आले. न्यू जर्सीत एकाच्या गवत कापायच्या यंत्रातून खडा उडाला आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा डोळा गेला. ओहायोत तोडलेली फांदी शेजाऱ्याच्या मोटारीवर पडली. एकाने तण मारायचं औषध फवारलं, वारा फिरला आणि पलीकडच्या अंगणातला जुना द्राक्षाचा मांडव वाळून गेला. काका, ही सगळी तुमच्यासारखीच माणसं आहेत. कोणी निष्काळजी नव्हतं. ज्यांच्याकडे विमा होता ते दुसऱ्या आठवड्यात कामावर गेले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांतल्या एकाने ट्रक विकला, आणि एकाने घर.

तुमच्याकडे काय आहे? ट्रकचा विमा. तोही कायदा मागतो म्हणून. उद्या तुमच्या कामामुळे कोणाला इजा झाली तर? तुमच्याबरोबर काम करताना शिगेओ-सान शिडीवरून पडले तर? ट्रकमधली हत्यारं कोणी चोरून नेली तर?

बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत आणि शिकवलंत. आपल्या घरातली पहिली पदवी काकूने दिवाणखान्यात टांगून ठेवली आहे. ती नुसती टांगण्यासाठी नसेल तर माझं एवढं ऐका. माळ्यांच्या संघटनेत विम्याचा एजंट येतो, त्याला घरी बोलवा.

तुमची,
चिएको


गार्डीना, कॅलिफोर्निया
१७ फेब्रुवारी १९७४

चिएको,

प्लमच्या झाडाला फुलं आली. यंदा जरा लवकर.

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचलं. शिगेओ-सान चहाला आले होते, त्यांनीही ऐकलं. डोळ्याची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "खडा यंत्राच्या कोणत्या बाजूने उडाला असेल?" म्हणजे त्यांना विम्यात रस नाही, यंत्रात आहे.

माझं म्हणणं असं. इतक्या वर्षांत माझ्या हातूनही मोडतोड झाली. मिसेस थॉर्नबींच्या स्वयंपाकघराची काच मी एकसष्ट साली फोडली. दंतवैद्याच्या बागेतला नळ तोडला, त्यांचं अंगण तळं झालं. दर वेळी मी एकच गोष्ट केली. त्याच दिवशी, धुतलेला सदरा घालून, मांजूची पेटी घेऊन दारात उभा राहिलो, वाकलो, चूक माझी म्हणालो आणि पदरच्या पैशाने दुरुस्त करून दिलं. एकानेही मला काढलं नाही. मिसेस थॉर्नबींनी तर काचेच्या दिवशीच दुसऱ्या पेटीची चौकशी केली. गोड पुरण भरलेली ती मांजू, तोच आमचा विमा आणि पेटी हाच हप्ता.

कागदावर माझा भरवसा कमी आहे. बेचाळीस साली लढाईत सरकारने आम्हा जपान्यांना घरातून उचलून छावणीत नेलं, तेव्हाही कागदच दिला होता, नंबर लिहून कोटाला बांधायला.

हे मी काकूला सांगितलं. ती म्हणाली, "पोरीला चार वर्षं कॉलेजात कशाला घातली? वाचायला. तिने वाचलं. आता तुम्ही ऐका."

तेव्हा एजंट येऊन गेला. गळ्यात टाय, पायात बूट, बूट दारात काढायला तयार नाही. त्याने विचारलं, नोकर किती? मी म्हटलं, नोकर नाहीत, शिगेओ-सान आहेत. तो म्हणाला, पगार देता का? देतो. मग ते नोकर. शिगेओ-सान म्हणाले, "बरं झालं, एकवीस वर्षांनी कळलं."

सही केली. कागद देव्हाऱ्याच्या खणात, तुझ्या बाबांच्या फोटोखाली ठेवला आहे. इंग्रजीत आहे. तुझे बाबा वाचतील.

काका


हार्टफर्ड
२४ फेब्रुवारी १९७४

प्रिय काका,

तुम्ही सही केलीत हे वाचून मी ऑफिसात उभी राहिले. मिस्टर डोनेलींनी विचारलं, "लग्न ठरलं का?"

पॉलिसीची प्रत एजंटने मला पाठवली, ती मी दोनदा वाचली. चांगली आहे. तुमच्या कामामुळे कोणाला लागलं, कोणाची वस्तू मोडली तर कंपनी भरेल आणि वकीलही देईल. हत्यारांची चोरी त्यात आहे. शिगेओ-सानांचा विमा वेगळ्या कागदावर आहे, त्यांना सांगा की आता त्यांनी बिनधास्त शिडीवर चढावं. नको, असं सांगू नका.

पण पान सहा. हे गंमतीने घेऊ नका. काही झालं तर कंपनीला लगेच कळवायचं. चूक कबूल करायची नाही. काही द्यायचं वचन द्यायचं नाही. कंपनीला विचारल्याशिवाय खर्च करायचा नाही, अपवाद फक्त जागच्या जागी केलेल्या मलमपट्टीचा. म्हणजे धुतलेला सदरा नाही, वाकणं नाही, मांजूची पेटी नाही. कारण उद्या कंपनी म्हणू शकते, यांनी आधीच सगळं अंगावर घेतलं, आता यांनीच भरावं. असे कागद मी रोज बघते. एक सभ्य माणूस "माझंच चुकलं" म्हणून जातो आणि विमा असून नसल्यासारखा होतो.

यातलं काही घडणार नाही. पण घडलं तर तुम्ही तोंड उघडणार नाही असं मला वचन द्या. लेखी.

तुमची,
चिएको


(पोस्टकार्ड)

गार्डीना, ३ मार्च

वचन. चेरीला कळ्या आहेत. शिगेओ-सान शिडीवर कमी चढतात, म्हणतात आता आपण महाग झालो.

काका


गार्डीना
२१ एप्रिल १९७४

चिएको,

काल मिसेस थॉर्नबी पडल्या.

दुपारी त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. काम आवरल्यावर मी फाटकापासून दारापर्यंतच्या दगडांवर सडा घातला. नेहमी घालतो. पाहुणा येण्याआधी दगड ओले असावे लागतात, नाहीतर बाग पुरी झाल्यासारखी वाटत नाही. मिसेस थॉर्नबी पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे निघाल्या आणि तिसऱ्या दगडावर घसरल्या. मी पाइप गुंडाळत होतो. माझा कोट त्यांच्या डोक्याखाली ठेवला. इस्पितळाची गाडी येईपर्यंत त्यांनी माझा हात धरला होता. खुब्याचं हाड मोडलं आहे.

मी त्यांना काही म्हणालो नाही. कंपनीला काल संध्याकाळीच फोन केला.

काका


हार्टफर्ड
२५ एप्रिल १९७४

प्रिय काका,

पत्र दोनदा वाचलं. तुमच्या पत्राच्या सुरुवातीला कोणतंही झाड नव्हतं असं पहिल्यांदाच झालं.

तुम्ही सगळं बरोबर केलंत. कोट ठेवलात ते मलमपट्टीत धरलं जातं. फोन त्याच दिवशी केलात, उत्तम. कंपनीचा तपासनीस येईल, त्याला जे झालं ते सांगा, त्याच्याशिवाय कोणालाही नाही. इस्पितळात जाऊ नका. त्यांच्या घरी जाऊ नका. कंपनी सांगेपर्यंत बागेतही जाऊ नका.

हे मला सोपं जातंय असं समजू नका. कॉलेजसाठी मला शिफारसपत्र मिसेस थॉर्नबींनीच लिहिलं होतं. त्यांच्या ओट्यावर बसून मी इंग्रजी निबंध दाखवायची आणि त्या लाल पेन्सिल घेऊन बसायच्या. मी आज त्यांना चार ओळी लिहायला घेतल्या होत्या. फाडून टाकल्या. मी तुमची पुतणी आहे, माझं पत्रही तुमचं पत्र धरलं जाईल. नियम तुम्हाला आहे तर मलाही आहे.

तुमचं घर आणि तुमचा धंदा मला वाचवायचा आहे, काका. एवढे काही आठवडे धीर धरा.

तुमची,
चिएको


गार्डीना
१२ मे १९७४

चिएको,

इथे सगळं ठीक आहे. जकारांडा फुलायला लागला आहे, फुटपाथ जांभळे.

तपासनीस येऊन गेला. पोरसवदा, पण सभ्य, बूट काढले. त्याने विचारलं, दगड ओले का केले? मी म्हटलं, पाहुणे येणार होते म्हणून. त्याने लिहिलं, "धुण्यासाठी." मी म्हटलं, धुण्यासाठी नाही, दगड आधीच स्वच्छ होते. मग कशासाठी? दिसायला. त्याने पुन्हा "धुण्यासाठी" लिहिलं.

मिसेस थॉर्नबींचा मुलगा शिकागोहून आला. त्याने वकील केला आहे. वकिलाच्या पत्रातला आकडा कंपनीने मला दाखवला. आपलं घर विकलं, त्यात ट्रक घातला तरी पुरणार नाही. तपासनीस म्हणाला, काळजी नको, पॉलिसी आहे, फक्त तुम्ही बोलू नका.

मी बोलत नाही. शनिवारी त्यांच्या गल्लीतून जावं लागतं, दंतवैद्याकडे, तर मी पलीकडच्या रस्त्याने जातो. दहा मिनिटं जास्त लागतात. तब्येत चांगली आहे.

काका


गार्डीना
१३ मे १९७४

चिएको,

काकांनी पत्र टाकलं असेल. "सगळं ठीक आहे" असं लिहिलं असेल. त्यांच्या पत्रात जे नाही ते मी लिहिते, त्यांना सांगू नकोस.

त्या पडल्या त्याच संध्याकाळी ते मांजूची पेटी घेऊन आले. सदरा बदलला. मग दारात बसून राहिले. तुला दिलेलं वचन. पेटी उघडली नाही. आठवड्याने मी ती फेकली. पुढच्या शनिवारी दुसरी आणली. तीही फेकली. दर शनिवारी एक. मी म्हटलं, निदान आपण तरी खाऊया. म्हणाले, "ती आपली नाही."

मला बाजारात मिसेस थॉर्नबींची कामवाली भेटली. म्हणाली, बाई रोज विचारतात, टॉम आला होता का? काकांना त्या टॉमच म्हणतात. दूधवाला येऊन गेला, पोस्टमन फुलं घेऊन आला, समोरचे दोन शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत, तेही दोघं आले. टॉम नाही. मुलाने आईला सांगितलं, "बघ, ज्याची चूक तोच लपतोय." तोपर्यंत वकिलाचं नावही बाईंनी काढू दिलं नव्हतं म्हणे. मग म्हणाल्या, "कर तुला काय करायचं ते."

आणखी एक. त्यांच्या बागेतलं पाइनचं झाड काका अठरा वर्षं वळवताहेत. वसंतात त्याला कोवळे शेंडे फुटतात, मेणबत्त्यांसारखे. ते हाताने खुडावे लागतात, नाहीतर झाड हवं तसं वाढतं आणि अठरा वर्षांचा आकार जातो. काका रात्री जेवताना म्हणतात, "आज एवढे झाले असतील," आणि बोटाने लांबी दाखवतात.

तू शिकलेली आहेस. तो कागद परत वाच. माणसाला भेटायला जायचं नाही असं त्यात खरंच लिहिलं आहे का?

हात्सुए काकू


हार्टफर्ड
१९ मे १९७४

प्रिय काका,

पॉलिसी मी शुक्रवारी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा वाचली, प्रत्येक शब्दाला बोट लावून.

आधी मिस्टर डोनेलींकडे गेले होते. नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, "घाबरलेला माणूस जास्त बोलतो. गप्प बसलेला विमाधारक म्हणजे सोनं." मी म्हटलं, आणि त्याच्या गप्प बसण्यामुळेच दावा झाला असेल तर? ते म्हणाले, "तसा रकाना आपल्याकडे नाही."

तेव्हा मी कागदाकडे परत गेले. पान सहावर तीन गोष्टींना मनाई आहे. दायित्व अंगावर घेणं, पैसे देणं किंवा द्यायचं कबूल करणं, आणि खर्च करणं. आजारी माणसाला भेटायला जाऊ नये असं कुठेही नाही. "बोलू नका" असंही नाही. ते मी लिहिलं होतं. तपासनीसही तेच म्हणतो, कारण त्याला ते सोयीचं आहे. भीतीने मी नियमाला कुंपण घातलं आणि मग कुंपणालाच नियम म्हणाले.

दुसरं म्हणजे पान चारवर एक छोटं कलम आहे. तुमच्या कामाच्या जागी कोणाला लागलं तर चूक कोणाची हे न विचारता दवाखान्याचा काही खर्च कंपनी देते. तपासनीसाने ते काढलंच नाही. मी एजंटला लिहिलं आहे की ते आधी द्या, आजच द्या.

वचनातून मी तुम्हाला मोकळं करते. त्या घरी आल्या की जा. "तुम्ही पडलात याचं मला वाईट वाटतं" म्हणा. विचारलं तर खरं सांगा, खोटं कधीच बोलू नका. "खर्च मी भरीन" एवढंच म्हणू नका. आणि पेटीबद्दल मी फार विचार केला. ती खर्च आहे, आणि कोणी ठरवलंच तर भरपाईही आहे. पेटी ट्रकमध्ये राहू द्या.

धोका आहे, हे लपवत नाही. कंपनीने ठरवलं की तुम्ही अट मोडलीत, तर वकिलाचा तो आकडा तुमच्यावर येईल. तुम्ही गेला नाहीत तरी मी समजेन.

तुमची,
चिएको


गार्डीना
९ जून १९७४

चिएको,

बाटलीब्रशला लाल फुलं आहेत, आणि मधमाश्यांनी मला कामावरून लवकर घालवलं.

काल मिसेस थॉर्नबी घरी आल्या. कामवालीने काकूला आधी कळवलं होतं. मी सकाळीच गेलो. माझ्या जागी आलेल्या पोराने बागेला पाणी घातलं होतं आणि ते वाटेवर साचलं होतं. मी टॉवेल घेतला आणि गुडघ्यावर बसून फाटकापासून दारापर्यंत एकेक दगड पुसला. अठरा वर्षं जे ओले केले ते कोरडे केले. शेवटच्या दगडाशी होतो तेव्हा गाडी आली. चाकाची खुर्ची, परिचारिका आणि मुलगा. मुलगा काही बोलणार होता, त्यांनी हात वर केला.

मी वाकलो. त्या म्हणाल्या, "टॉम, उशीर केलास."

मी म्हटलं, "हो बाई. फार उशीर झाला. त्याबद्दल माफ करा."

"कोणी अडवलं होतं?"

"पुतणीने."

"चिएकोने? तिला तर मी शिफारसपत्र दिलं होतं!"

"म्हणूनच तिला विम्याचा कागद वाचता आला, बाई. पान सहा."

त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पाणी तू घातलं होतंस?"

मुलगा पुढे झाला. मी म्हटलं, "मीच घातलं. नेहमी घालतो."

"माहीत आहे मला. नेहमी बघते. मी नवे बूट घातले होते, टॉम. चामड्याचा तळवा. दुकानदार म्हणालासुद्धा, जपून चाला." मुलाकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, "माझ्या वयात हाडं मोडतात. त्याचा राग नव्हता. गाडी येईपर्यंत तू हात धरलास आणि मग सात आठवडे गायब झालास, राग त्याचा."

मी म्हटलं, "तुम्ही पडलात याचं मला वाईट वाटतं." तू लिहून दिलं होतंस तसंच. पण म्हणून झाल्यावर वाटलं, ते मी एप्रिलपासून रोज म्हणतच होतो.

त्यांनी पाइनकडे बघितलं. शेंडे वीतभर झाले होते. "हे काय ध्यान झालंय," म्हणाल्या. मग एकदम, "पेटी कुठे आहे?"

"कसली पेटी?"

"काच फोडलीस तेव्हा आणली होतीस ती. काच स्वस्त होती. मी हाड मोडलंय, आणि पेटी नाही?"

"ट्रकमध्ये आहे, बाई. देता येत नाही. चिएको म्हणते, ती भरपाई होते."

त्या हसायला लागल्या. हसताना खुबा दुखला म्हणून खुर्चीचा हात धरला आणि तरी हसत राहिल्या. परिचारिकेला म्हणाल्या, "माझी पर्स आण." मुलगा म्हणाला, "आई, वकिलांनी सांगितलंय—" त्या म्हणाल्या, "तू गप्प बस, तुझा वकील तुझ्याइतकाच लहान आहे. टॉम, ती पेटी मला विक. विकत घेतलेली वस्तू भरपाई कशी होईल? मी तीस वर्षं शाळा चालवली आहे, मला पळवाटा शिकवू नकोस."

मी एक डॉलरला विकली. त्यांनी तिथेच उघडली, एक स्वतः घेतली, एक मुलाला दिली. त्याने वास घेऊन बघितला आणि मग खाल्ली.

नंतर मी शिडी लावून पाइनचे शेंडे खुडले. उशीर झालाय. दोन फांद्या गेल्या, बाकी झाड दोन वर्षांत वळणावर येईल.

काका


हार्टफर्ड
१४ जून १९७४

प्रिय काका,

पत्र वाचून मी हसले आणि मग हसणं थांबलं.

कंपनीला हे कळणार. मुलगा त्याच्या वकिलाला सांगेल, तो कंपनीला. ते तुम्हाला शपथेवर विचारतील. पाणी मीच घातलं, हे तुम्ही समोरच्या पक्षापुढे कबूल केलंत. मी खरं सांगा म्हटलं होतं, तेव्हा तक्रार नाही. फक्त विचारतील तेव्हाही तेच सांगा, शब्द कमीजास्त करू नका. दुभाषी मागून घ्या. तुमचा हक्क आहे.

पाइन दोन वर्षांत वळणावर येईल म्हणता, हे वाचून बरं वाटलं.

तुमची,
चिएको


गार्डीना
१ सप्टेंबर १९७४

चिएको,

क्रेप मर्टलची फुलं गळू लागली. ऊन अजून कमी झालेलं नाही.

जबानी झाली. कंपनीचा वकील, तपासनीस, दुभाषी आणि मी. शिगेओ-सान सोबत आले होते, त्यांना बाहेर बसवलं. वकिलाने विचारलं, "अपघातानंतर तुम्ही मिसेस थॉर्नबींना काही वस्तू दिलीत?"

"दिली नाही. विकली."

दुभाष्याने मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. वकील म्हणाला, "काय विकलंत?" मांजू. "कितीला?" एक डॉलर. "ती पेटी तुम्हाला कितीला पडली होती?" दोन डॉलर नव्वद सेंट. "म्हणजे तोट्यात विकलीत?" मी म्हटलं, "मी माळी आहे, दुकानदार नाही."

तपासनीसाने ते लिहून घेतलं.

मग वकील म्हणाला, "तुम्ही माफी मागितलीत?"

"हो."

"कशाबद्दल?"

"उशिराबद्दल."

"पडण्याबद्दल नाही?"

"पडण्याबद्दल वाईट वाटतं म्हणालो. माफी उशिराची मागितली. सात आठवडे झाले होते." तो पुढच्या प्रश्नासाठी कागद चाळत बसला. बाहेर आल्यावर शिगेओ-सानांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मांजूचा भाव विचारला."

कंपनीने एक पत्र पाठवलं, की पैसे नाकारायचा आपला हक्क राखून ठेवत आहोत. काकूने ते तीन दिवस कोणाला दाखवलं नाही. मी मनात घराची किंमत करून ठेवली होती, ट्रकचीसुद्धा. मग गेल्या मंगळवारी दुसरं पत्र आलं. मिसेस थॉर्नबींनी वकिलाला सांगितलं की इस्पितळाचा खर्च आणि परिचारिकेचा पगार एवढंच हवं, बाकीचा आकडा खोडा. पान चारचं कलम आणि त्यावर थोडे, असे पैसे कंपनीने भरले. अट मोडली असं कंपनी म्हणत नाही. मोडली नाही असंही म्हणत नाही. घर आहे तिथे आहे. हप्ता वाढला.

खरं सांगायचं तर पॉलिसी नसती तर मी दुसऱ्याच दिवशी गेलो असतो, चूक कबूल केली असती आणि परिचारिकेच्या पगारात माझं घर गेलं असतं. मिसेस थॉर्नबींनी कदाचित काहीच मागितलं नसतं. पण त्यांनी न मागितलेलं मी दिलंच असतं. काकू म्हणते, हे तुला लिहायलाच हवं, म्हणून लिहिलं.

तो डॉलर देव्हाऱ्याच्या खणात पॉलिसीवर ठेवला आहे. काकूने तुला पोस्टाने एक पेटी पाठवली आहे. पोचेपर्यंत शिळी होईल.

काका


हार्टफर्ड
१५ सप्टेंबर १९७४

प्रिय काका,

ऑफिससमोरच्या मेपलची पानं एका बाजूने लाल झाली आहेत. फक्त दक्षिणेकडची. तुम्हाला याचं कारण माहीत असेल.

पेटी मिळाली. मांजू दगडासारख्या झाल्या होत्या. वाफेवर धरून सगळ्या खाल्ल्या. एक मिस्टर डोनेलींना दिली. त्यांनी विचारलं, "हे कशाबद्दल?" मी तुमची गोष्ट सांगितली, या वेळी नावासकट. ते बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, तसा रकाना हवा होता खरा.

संघटनेतल्या माळ्यांसाठी मी एक पान लिहिते आहे, जपानीत, पान सहा आणि पान चारचं. कुंपण न घालता. लिहून झालं की तुम्हाला पाठवते, शिगेओ-सानांना वाचून दाखवा. त्यांना कळलं तर सगळ्यांना कळेल.

मिसेस थॉर्नबींना मी शेवटी पत्र लिहिलं. पहिली ओळ तुमचीच घेतली, "फार उशीर झाला." परतीच्या टपालाने उत्तर आलं. माझंच पत्र, लाल पेन्सिलीने तपासलेलं, आणि मागे चार ओळी. त्या काठी घेऊन फाटकापर्यंत चालतात. दगड कोरडे असले की बाग त्यांना अर्धवट वाटते. टॉमने सडा घालायला हरकत नाही, पण आधी हाक मारायची, त्या ओट्यावर खुर्चीत बसतील, मग पाणी.

तेव्हा काका, पॉलिसी खणातून काढा, डॉलर बाजूला ठेवा, आणि पान सहावर शेवटच्या अटीखाली मिसेस थॉर्नबींची ही एक अट लिहून ठेवा. पेन्सिलीनेच लिहा. पेनाने लिहिलीत तर कंपनीला विचारावं लागेल.

तुमची,
चिएको